कॅसिनो-रिसॉर्ट चालवणारा माणूस नेमका कोणता धंदा करतो? शेल्डन ॲडलसन यांच्या कारकिर्दीविषयी प्रश्न

वाघूरकाठ, जळगाव (प्रश्न)

नमस्कार. माझ्या पुतण्याने हॉटेल व्यवस्थापनाची पदवी घेतली असून त्याला सिंगापूरच्या एका मोठ्या कॅसिनो-रिसॉर्टमध्ये, परिषदा आणि प्रदर्शने भरवणाऱ्या विभागात, नोकरीचे पत्र आले आहे. घरात आनंदाइतकीच कुजबुजही सुरू आहे. आमचे आप्पा ८१ वर्षांचे आहेत. आखाजीला (अक्षय तृतीयेला) गावी गेले की निंबाच्या झोक्यावर बायकांची गाणी आणि ओट्यावर पुरुषांचे पत्ते, हे त्यांनी जन्मभर पाहिले आहे आणि स्वतःही चार डाव खेळले आहेत. तरी पत्र वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, "आखाजीचे दोन दिवस पत्ते कुटले तर कोणी नाव ठेवत नाही, पण बारा महिने नालवाल्याची चाकरी करायची म्हणजे काय?" (ज्यांना हा शब्द परिचित नसेल त्यांच्यासाठी: ज्याच्या ओसरीवर डाव बसतो तो प्रत्येक डावातून स्वतःसाठी जो हिस्सा बाजूला काढतो, त्याला नाल म्हणतात.)

पुतण्या उत्तर देताना अमेरिकी उद्योजक शेल्डन ॲडलसन यांचे नाव घेतो. त्याच्या म्हणण्यानुसार आजचा कॅसिनो-रिसॉर्ट हा प्रकार ज्या माणसाने घडवला तो मुळात जुगारवाला नव्हताच, तो प्रदर्शने भरवणारा होता आणि कॅसिनो हा त्याच्या धंद्याचा एक कोपरा होता. मी थोडेफार वाचले, तेव्हा एका ठिकाणी हाच सूर आढळला आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांचा उल्लेख सरळ 'जगातील सर्वांत श्रीमंत जुगारसम्राट' असा आढळला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतील, हे मला समजत नाही. या माणसाचे आयुष्य आणि हिशेब पाहता त्यांचा धंदा नेमका कोणता होता, याविषयी ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. नोकरी घ्यावी की नाही हा निर्णय पुतण्याचा आहे, त्यावर सल्ला नको. मात्र आप्पांना उत्तर देताना माझ्या तोंडून चुकीची गोष्ट जाऊ नये, एवढीच इच्छा आहे.

अमळनेरचा जुना मास्तर

वाघूरकाठ, प्रश्न चांगला विचारला आहे. मी वाणिज्य शाखेत पस्तीस वर्षे शिकवले आणि व्यवसायाचे स्वरूप ओळखायचे असेल तर मालकाचा पहिला सौदा पाहावा, असे विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो. ॲडलसन यांचा पहिला सौदा त्यांच्या वयाच्या बाराव्या वर्षीचा आहे. ४ ऑगस्ट १९३३ रोजी बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागात एका गरीब ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील टॅक्सी चालवत. या मुलाने काकांकडून २०० डॉलर उसने घेतले आणि त्यातून वर्तमानपत्रे विकण्याचा रस्त्यावरचा एक कोपरा विकत घेतला. वर्तमानपत्रे कोणीही विकू शकतो. त्याने पैसे मोजले ते उभे राहण्याच्या जागेसाठी. पुढच्या पंच्याहत्तर वर्षांत त्यांनी जे केले ते मला याच सौद्याचा विस्तार वाटते.

मधली वर्षे झटपट सांगतो, कारण त्यांत उलाढाली पुष्कळ असल्या तरी सूत्र एकच आहे. महाविद्यालय अर्धवट सोडले, न्यायालयातील लघुलेखन शिकले, सैन्यात काम केले, गोठलेल्या काचांवरील बर्फ वितळवणारे द्रावण विकले, पर्यटनाच्या सहली काढल्या, कर्जदलाली केली. काही वेळा पैसा आला आणि गेला. सत्तरच्या दशकात संगणकविषयक मासिकाच्या व्यवसायात असताना त्यांच्या लक्षात आले की मासिकात जाहिरात देणारे कारखानदार आणि ते मासिक वाचणारे विक्रेते यांना एका छताखाली आणले, तर कागद न छापताही पैसे मिळतात. १९७९ साली लास वेगासमध्ये त्यांनी आणि त्यांच्या भागीदारांनी 'कॉमडेक्स' हे संगणक-विक्रेत्यांचे प्रदर्शन प्रथम भरवले. घरगुती संगणक बाजारात येण्याचा तो काळ होता, त्यामुळे काही वर्षांतच ते जगातील सर्वांत मोठ्या व्यापारी प्रदर्शनांपैकी एक झाले.

इथे आपल्याकडचे उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे विकले जातात. घोडेवाल्याला कधी चांगला भाव मिळतो, कधी तो जनावर घेऊन तसाच परततो. पण ज्याच्या मोकळ्या रानात दावण लागते आणि दुकाने उभी राहतात, त्याला जागेचे भाडे दोन्ही प्रसंगी मिळते. कॉमडेक्स ही संगणकांची सारंगखेडा यात्राच होती. सभागृहाची जागा घाऊक दराने भाड्याने घ्यायची आणि चौरस फुटांत तोडून कितीतरी पट दराने कंपन्यांना द्यायची. संगणक कोणाचा खपला आणि कोणाचा पडून राहिला, याच्याशी ॲडलसन यांचे काही देणेघेणे नव्हते. (आमच्या गावात १९४५ साली वनस्पती तुपासाठी निघालेली आजची विप्रो कंपनी पुढे संगणकात गेली, हा माणूस संगणकाच्या यात्रेतून रूलेटच्या चाकाकडे गेला. व्यापाराच्या वाटा अशाच वाकड्या असतात.)

आता पुतण्याच्या मुद्द्याकडे येतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी लास वेगासमधील 'सँड्स' हे नामांकित पण म्हातारे झालेले हॉटेल विकत घेतले आणि १९९० साली त्याच्यामागे स्वतःच्या मालकीचे प्रचंड प्रदर्शनगृह उभारले. त्या शहराचा तोवरचा हिशेब असा होता: खोल्या आणि जेवण स्वस्त ठेवायचे, कारण माणूस खाली उतरला की टेबलावर पैसे हरणारच आहे. शुक्रवार ते रविवार गर्दी असे आणि सोमवारपासून खोल्या रिकाम्या पडत. परिषदेला आलेला कंपनीचा माणूस दिवसभर बिल्ला लावून फिरतो आणि जुगार फारसा खेळत नाही, म्हणून कॅसिनोवाल्यांना तो नकोसा वाटे. ॲडलसन यांनी उलटा हिशेब मांडला. तो खेळत नसला तरी त्याची खोली, त्याचे जेवण आणि त्याच्या ग्राहकांना दिलेली पार्टी यांचे बिल त्याची कंपनी भरते, आणि तो नेमका सोमवार ते गुरुवार येतो. शनिवारी जुगारी, मंगळवारी सुटाबुटातला विक्रेता. पलंग मात्र आठवडाभर भरलेला.

१९९५ साली कॉमडेक्स आणि इतर प्रदर्शने जपानच्या सॉफ्टबँक या कंपनीला ८६ कोटी डॉलरच्या आसपास विकली गेली. नोव्हेंबर १९९६ मध्ये जुने सँड्स सुरुंग लावून पाडले गेले आणि त्या जागी सुमारे दीड अब्ज डॉलर खर्चून 'व्हेनेशियन' उभे राहून ३ मे १९९९ रोजी उघडले. कल्पना पत्नी मिरियम यांच्याबरोबर केलेल्या व्हेनिसच्या मधुचंद्रातून सुचली, असे सांगितले जाते. आत कालवे, त्यांत नावा, वर रंगवलेले आकाश. नवलाई बाजूला ठेवून खोलीकडे पाहावे: त्या शहरातील नेहमीच्या खोलीच्या जवळपास दुप्पट क्षेत्रफळ, बसायला वेगळी जागा आणि प्रत्येक खोलीत फॅक्स यंत्र. जुगारासाठी आलेल्याला फॅक्स कशाला लागतो? ती खोली बिल्लेवाल्यासाठी बांधली होती. तेव्हा पुतण्याचे म्हणणे निराधार नाही, असे माझे मत आहे.

सराफ बाजार, जळगाव

मास्तरांचे लेखन नेहमीप्रमाणे वाचनीय आहे, परंतु त्यांनी कथा १९९९ ला थांबवली, आणि माझ्या मते खरी वही त्यानंतर उघडते. मी सनदी लेखापाल आहे. मालकाचा पहिला सौदा पाहावा हे ठीक. मी मात्र नफा कोणत्या खात्यातून आला ते पाहतो.

चीनच्या किनाऱ्यावरील मकाऊ या तेव्हाच्या पोर्तुगीज वसाहतीत १९६२ पासून स्टॅन्ली हो यांच्या कंपनीची जुगारावर मक्तेदारी होती. चीनकडे हस्तांतर झाल्यानंतर ती संपली आणि २००२ साली नवे परवाने दिले गेले. ॲडलसन यांची कंपनी त्यात आली आणि १८ मे २००४ रोजी 'सँड्स मकाऊ' उघडले. पहिल्याच दिवशी हजारोंची झुंबड उडाली. सुमारे एका वर्षात संपूर्ण बांधकामाचा खर्च वसूल झाला. दीड अब्जाचे व्हेनेशियन बांधून जे साधले नव्हते ते इथे बारा महिन्यांत साधले, आणि त्यात परिषदेच्या बिल्लेवाल्यांचा हात नव्हता. तो पैसा बॅकरा नावाच्या पत्त्यांच्या टेबलावरून आला.

बॅकरा समजून घेतल्याशिवाय ॲडलसन समजत नाहीत, म्हणून थोडे थांबून सांगतो. दोन बाजूंना पत्ते वाटले जातात, एकीला 'प्लेयर' आणि दुसरीला 'बँकर' म्हणतात, आणि कोणाची बेरीज नऊच्या जवळ जाते यावर पैसे लावायचे. खेळणाऱ्याला डोके चालवायला जागाच नसते. बँकरची बाजू किंचित अधिक वेळा जिंकते, म्हणून त्या बाजूवर जिंकणाऱ्याकडून टेबल पाच टक्के कापून घेते. वाघूरकाठ, आप्पांना सांगा, ही शब्दशः नाल आहे. ती कापल्यानंतर बँकरवर लावलेल्या पैशावर कॅसिनोला सरासरी १.०६ टक्के राहतात आणि प्लेयरवर लावलेल्या पैशावर १.२४ टक्के. एवढ्याशा टक्क्यावर राजवाडे कसे उभे राहतात, असा प्रश्न कोणालाही पडेल. समजा, एक जण प्रत्येक डावाला १,००० डॉलर बँकरवर लावतो आणि तासाला ६० डाव होतात. त्याच्या खिशात कदाचित १०,००० डॉलरच असतील, पण तेच पैसे फिरून फिरून तासाला ६०,००० डॉलरची उलाढाल होते आणि तिच्यावर सरासरी ६३६ डॉलर घरमालकाचे होतात. माणूस आठ तास बसला, तर त्याच्या दहा हजारांतले निम्मे सरासरीने गेले. सराफ्यात घडणावळ एकदाच घेतली जाते. इथे एकच तुकडा तासाला साठ वेळा घडवला जातो.

दुसरी गोष्ट प्रेक्षागृहासारख्या उंच, उघड्या दालनाची. मकाऊचे जुने कॅसिनो बड्या धेंडांच्या बंद खोल्यांवर चालत आणि ती धेंडे आणणाऱ्या मध्यस्थांना मोठा हिस्सा द्यावा लागे. ॲडलसन यांनी सामान्य खेळाडूंसाठी मोकळे दालन बांधले. तिथे मध्यस्थ नाही, म्हणून दलालीही नाही. आपल्याकडे केळीबागेत व्यापारी थेट आला की मधल्याचा वाटा वाचतो, तसेच.

मकाऊ सरकार जुगाराच्या ढोबळ उत्पन्नातून, इतर अधिभार धरून, जवळजवळ ४० टक्के घेते; लास वेगास ज्यात आहे त्या नेवाडा राज्याचा कमाल दर ६.७५ टक्के आहे. एवढा कर देऊनही २००६ साली मकाऊची जुगाराची मिळकत लास वेगासच्या मुख्य रस्त्यावरील सर्व कॅसिनोंपेक्षा जास्त झाली आणि २०१३ साली ती सुमारे ४५ अब्ज डॉलरवर, म्हणजे त्या रस्त्याच्या जवळपास सातपट, गेली. तैपा आणि कोलोआन या बेटांमध्ये भर टाकून तयार केलेल्या कोताई नावाच्या दलदलीत मोठमोठी हॉटेले बांधण्याचा आग्रह ॲडलसन यांचा होता. ऑगस्ट २००७ मध्ये तिथे 'व्हेनेशियन मकाऊ' उघडले. प्रदर्शनगृह त्यातही आहे, मी नाकारत नाही. परंतु नफ्याचे खाते उघडल्यावर प्रदर्शनाची ओळ शोधावी लागते.

शेवटचा पुरावा मरणोत्तर आहे. ॲडलसन ११ जानेवारी २०२१ रोजी वारले. त्यानंतर दोन महिन्यांत कंपनीने लास वेगासमधील व्हेनेशियन आणि मास्तरांना प्रिय असलेले ते प्रदर्शनगृह ६.२५ अब्ज डॉलरला विकण्याचा करार केला. आज 'लास वेगास सँड्स' या नावाच्या कंपनीचे लास वेगासमध्ये एकही हॉटेल नाही. जे आहे ते मकाऊ आणि सिंगापूर येथे. कंपनीने काय विकले आणि काय हातात ठेवले, यावरून तिचा धंदा कळतो.

अमळनेरचा जुना मास्तर

लेखापालांचा हिशेब मान्य आहे. माझी चूक अशी झाली की मी लास वेगासवरून सर्वत्रचा निष्कर्ष काढला. तरी एक बाजू मांडतो. मकाऊ आणि सिंगापूरने त्यांना परवाना दिला तो टेबले मांडण्याच्या कौशल्यासाठी नव्हता. तसे कौशल्य असलेले पुष्कळ होते. सभागृहे बांधून परदेशी व्यापारी आणण्याची त्यांची सवय सरकारांना हवी होती. बिल्लेवाल्याने नफा दिला नसेल, पण दार त्यानेच उघडून दिले.

आणि धोक्याविषयीही लिहायला हवे होते. नाल काढणारा हरत नाही असे आपण म्हणतो, पण २००८ साली हा नालवाला जवळजवळ बुडाला होता. कोताई, लास वेगास, पेनसिल्व्हेनिया आणि सिंगापूर अशी चार ठिकाणची बांधकामे कर्जावर एकाच वेळी सुरू असताना पतपुरवठा आटला. २००७ च्या ऑक्टोबरात १४० डॉलरच्या वर असलेला कंपनीचा समभाग मार्च २००९ मध्ये २ डॉलरच्या खाली आला. कोताईचे काम थांबवून हजारो मजुरांना घरी पाठवण्यात आले. ॲडलसन कुटुंबाने स्वतःच्या खिशातून सुमारे एक अब्ज डॉलर घातले, आणि त्याच सुमारास त्यांच्याबरोबर १९९५ पासून काम करणारे अध्यक्ष विल्यम वाइडनर मतभेदांमुळे बाहेर पडले. २००९ च्या नोव्हेंबरात मकाऊची कंपनी हाँगकाँगच्या बाजारात नोंदवून पैसा उभा केला, तेव्हा श्वास मोकळा झाला. टेबलावर खेळणाऱ्यांपेक्षा मोठा डाव मालकच खेळत होता, फक्त तो पत्त्यांचा नव्हता.

भुसावळ ते चांगी

मी नऊ वर्षे सिंगापूरमध्ये एका हॉटेलच्या मेजवानी विभागात काम केले (ज्या रिसॉर्टची चर्चा चालू आहे ते हॉटेल नव्हे) आणि आता भुसावळला परत आलो आहे. पुतण्याला ज्या प्रकारचे काम मिळाले आहे ते मी हाताने केले आहे, म्हणून लिहितो.

सिंगापूरने २००५ साली कॅसिनोवरील बंदी उठवताना दोनच परवाने द्यायचे ठरवले आणि 'कॅसिनो' हा शब्द मागे ठेवून 'एकात्मिक रिसॉर्ट' हे नाव पुढे केले. मे २००६ मध्ये मरीना बेचा परवाना ॲडलसन यांच्या कंपनीला मिळाला आणि २७ एप्रिल २०१० रोजी 'मरीना बे सँड्स'चा पहिला टप्पा उघडला. मोशे सफदी यांनी रचलेले ५५ मजल्यांचे तीन मनोरे आणि त्यांच्या डोक्यावर आडवी ठेवलेली ३४० मीटर लांबीची बाग; हे चित्र आता प्रत्येकाने पाहिलेले असते. सुरुवातीला कॅसिनोच्या खेळण्याच्या जागेला १५,००० चौरस मीटरची मर्यादा घातलेली होती. संपूर्ण वास्तूच्या मानाने ती जागा एवढीशी आहे की बाहेरून कुठे आहे ते सांगता येत नाही. लेखापालसाहेब बरोबर आहेत, उत्पन्नाचा मोठा वाटा त्या एवढ्याशा जागेतूनच येतो. पण तिथे काम करणारी बहुसंख्य माणसे त्या दारातून कधी आत जात नाहीत, हेही खरे आहे.

त्या दाराशी दोन रांगा असतात. एका रांगेत परदेशी माणूस पारपत्र दाखवून फुकट आत जातो. दुसऱ्या रांगेत सिंगापूरचा नागरिक किंवा कायम रहिवासी चोवीस तासांचे प्रवेशशुल्क भरतो; सुरुवातीला ते १०० सिंगापुरी डॉलर होते, एप्रिल २०१९ पासून १५० झाले. हे पैसे सरकारकडे जातात आणि आत तो जिंकला तरी परत मिळत नाहीत. शिवाय घरच्यांना अर्ज करून आपल्या माणसाला आत जाण्यास बंदी करून घेता येते. आमच्या विभागातील एका मलय सहकारी बाईंनी वडिलांसाठी असा अर्ज केला होता. त्या दिवशी त्यांनी दुपारच्या जेवणात फक्त चहा घेतला आणि संध्याकाळची पाळी नेहमीसारखी केली. एखाद्या सरकारला स्वतःच्याच माणसांसाठी दाराशी एवढे अडसर घालावे लागतात, यावरून आत काय आहे ते आप्पांना सांगावे लागणार नाही.

परिषद विभागाचे काम मात्र याहून निराळे आहे. समजा, मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता औषध कंपन्यांची परिषद संपते. सभागृहात शाळेच्या वर्गासारख्या मांडलेल्या बाकांच्या रांगा असतात, प्रत्येक जागी पाण्याचा पेला, वही आणि पेन्सिल. त्याच सभागृहात बुधवारी सकाळी नऊला दागिन्यांच्या व्यापाऱ्यांची न्याहारी असते, दहा माणसांच्या गोल टेबलांवर. रात्रभरात बाके घडी करून ढकलगाड्यांवर रचायची, गोल टेबले अक्षरशः चाकासारखी घरंगळत आणायची, चादरीची शिवण मंचाकडे येणार नाही अशी बघून पसरायची, दोन टेबलांमध्ये थाळी घेतलेला माणूस जाईल एवढी वाट सोडायची. पहाटे चार वाजता पर्यवेक्षक दोरी ताणून रांगा तपासतो. आमच्याकडच्या लग्नात पंगती उठल्या की लगेच सतरंज्या ओढून दुसरी पंगत बसवतात, ते ज्याने केले आहे त्याला हे काम लवकर जमते. मला जमले ते त्यामुळेच. ॲडलसन यांनी 'सोमवार ते गुरुवार' शोधून काढला असे मास्तर म्हणतात, पण तो सोमवार ते गुरुवार रात्री तीन वाजता वाहून नेणारी माणसे बांगलादेशी, फिलिपिनो, तमिळ आणि क्वचित आमच्यासारखी असतात, हे लिहून ठेवावेसे वाटले.

वकील, धुळे

दोन कायदेशीर बाबी नोंदवतो.

पहिली बाब ॲडलसन यांच्याविषयी. त्यांच्या परवान्यांची वाट सरळ नव्हती. मकाऊचा परवाना मिळवण्यात आपण मदत केली आणि मोबदला मिळाला नाही, असा दावा रिचर्ड सुएन या हाँगकाँगच्या व्यापाऱ्याने २००४ साली लावला. ज्यूरीने त्याच्या बाजूने दोनदा कौल दिला आणि १५ वर्षांनी, २०१९ मध्ये, प्रकरण तडजोडीने मिटले. चीन आणि मकाऊमध्ये सल्लागाराला दिलेल्या रकमांच्या हिशेबावरून अमेरिकेच्या रोखे आयोगाला २०१६ साली ९० लाख डॉलर आणि न्यायखात्याला २०१७ साली सुमारे ७० लाख डॉलर कंपनीने भरले. त्याआधी २०१३ साली एका संशयित अमली पदार्थ व्यापाऱ्याने कॅसिनोत आणलेल्या पैशाची वेळीच खबर न दिल्याबद्दल ४ कोटी ७४ लाख डॉलर देऊन खटला टाळला होता. त्यांनी अमेरिकी राजकारणात रिपब्लिकन पक्षाला दिलेल्या प्रचंड देणग्या प्रसिद्धच आहेत. ज्याचा धंदा सरकारी परवान्यावर उभा असतो त्याला सरकार परके ठेवून चालत नाही. त्यामुळे मी त्यांना जागेचा किंवा पत्त्यांचा व्यापारी म्हणण्याऐवजी परवान्याचा व्यापारी म्हणेन.

गंमत अशी की याच माणसाने इंटरनेटवरील जुगाराला अखेरपर्यंत कडाडून विरोध केला आणि त्यासाठी २०१४ च्या सुमारास पदरचा पैसा ओतून मोहीम चालवली. तरुण आणि गरीब लोक नागवले जातील, असे ते सांगत. विरोधकांचे म्हणणे असे की मोबाइलवर खेळणाऱ्याला खोली, जेवण आणि कालव्यातील नाव विकता येत नाही. मला दोन्ही कारणे खरी वाटतात.

दुसरी बाब आपल्या राज्याची. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनो नियंत्रण व कर यांविषयीचा कायदा संमत केला होता, पण तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. गोव्याने १९७६ च्या आपल्या कायद्यात नव्वदच्या दशकात दुरुस्त्या करून आधी पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि मग पाण्यावरील जहाजांना वाट करून दिली. आपल्याकडे अजूनही १८८७ चा जुगारबंदी कायदाच लागू आहे आणि त्यात खेळणाऱ्यापेक्षा अड्डा चालवणारा अधिक मोठा गुन्हेगार धरला जातो. आप्पांनी नालवाला आणि खेळणारा यांत जो भेद केला, तोच कायद्यानेही केला आहे.

वाघूरकाठ, जळगाव

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर मी ही सर्व उत्तरे आप्पांना वाचून दाखवली. बॅकऱ्याचा हिशेब त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि बोटांवर मोजून म्हणाले, "शेकड्याला एक म्हणजे आमच्या ओट्यावरच्या नालेपेक्षा कमीच आहे, पण आमच्याकडे रात्री कंदिलातले तेल संपायचे." सारंगखेड्याची उपमा त्यांना पटली. मलय बाईंची गोष्ट ऐकल्यावर मात्र ते बराच वेळ गप्प होते.

शेवटी त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. पोराला त्या टेबलांजवळ उभे राहावे लागेल का, आणि आखाजीला सुट्टी मिळेल का? भुसावळ ते चांगी यांनी शक्य असल्यास सांगावे.

भुसावळ ते चांगी

टेबलांजवळ उभे राहावे लागणार नाही. कॅसिनोच्या आत काम करणाऱ्यांना सिंगापूरच्या जुगार नियामकाकडून वेगळा परवाना घ्यावा लागतो. पुतण्याच्या नियुक्तिपत्रात अशा परवान्याचा उल्लेख आहे का ते पाहावे. नसेल तर त्याचे काम सभागृहापुरतेच आहे.

आखाजीची सुट्टी नसते. वैशाखी पौर्णिमेची सार्वजनिक सुट्टी असते, म्हणजे आखाजीनंतर साधारण बारा दिवसांनी, परंतु मेजवानी विभागात त्या दिवशी काम दुप्पट असते आणि बदली रजा पुढे कधीतरी मिळते. मी नऊ वर्षांत दोनदाच आखाजीला घरी आलो. दोन्ही वेळा आईने सांजोऱ्या आठवडाभर आधी करून डब्यात ठेवल्या होत्या.